चारास एक

दहावी ‘ब’च्या फळ्यावर मी एक तळवा काढते, तिरका.
टाच A, (२, १). चवड्याचं टोक B, (१२, ६).
अंगठा कुठं ओवायचा ते सांगा.
टाचेकडून मोजलं तर चारास एक.

हसू पिकतं. जवाहरनगरातली निम्मी पोरं
शाळा सुटली की वेण्या घालायला बसतात.
उत्तर त्यांच्या बोटांना ठाऊक आहे,
वहीत तेवढं उतरत नाही.

तस्मिया मुजावर उठते, भराभर मांडते:
चार गुणिले दोन, अधिक एक गुणिले बारा,
भागिले पाच. चार.
खाली तसंच. दोन.
बिंदू जाऊन टाचेला चिकटतो.
मागच्या बाकावरून आवाज येतो,
“मॅडम, हे पायतान भुताचं.”

मी खडू खाली ठेवते.
ही चूक माझी आहे.
चौऱ्याऐंशी सालची, कंदिलाच्या काजळीसकट.

बा तेव्हा आरी मेणात बुडवत होता.
सातापा, शाळा दोन यत्ता, त्यातली एक पावसात गेली.
मी विचारलं, हे चार कुणाला लावायचे,
टाचेला का टोकाला?
टाचेकडं चार आहेत, मग टाचेला नकोत?
त्यानं वहीकडं बघितलं, जसं परक्या गावाच्या पाटीकडं बघावं,
आणि म्हणाला,
“बांबू आठीव. काकाचा नि माझा.”

पाच हातांचा बांबू. मधे भिजलेली कातडी,
बाभळीच्या सालीचा, हिरड्याचा वास,
पाणी निथळतंय.
पुढं इराप्पा काका, त्याच्या छातीत भाता वाजायचा,
मागं बा.
गाठ बा मारायचा. नेहमी बा.
काकापासून चार हात, स्वतःपासून एक.
पाण्याचे थेंब बाच्या पुढ्यात पडायचे
आणि तो त्या ओल्यावर पाय ठेवत चालायचा.
काकाचं पायतान घरापर्यंत कोरडं.

लांबचे चार हात जवळच्याच्या खांद्यावर बसतात.
सूत्रातला तिढा एवढाच.
ज्याच्याजवळ बिंदू, त्याच्या वाट्याला मोठा आकडा,
आणि तो आकडा येतो पलीकडच्या तुकड्यातून.
पुस्तकात हे समरूप त्रिकोणांनी सिद्ध केलंय, दीड पानात.
बानं सिद्ध केलं ते डाव्या खांद्यानं.
शेवटपर्यंत तो खांदा
उजव्यापेक्षा दोन बोटं खाली होता.
सदरा शिवताना शिंपी विचारायचा. बा म्हणायचा, जन्माचाच हाय.

मी मागून चालायचे, दप्तर पाठीला,
बांबूच्या बाहेर, पण त्याच रेषेत.
त्यालाही नाव आहे, बाह्य विभाजन.
परीक्षेला नाही.

“तस्मिया, पुन्हा मांड.
चार बाराला दे, एक दोनला.”
अठ्ठेचाळीस अधिक दोन. पन्नास. भागिले पाच.
दहा.
चोवीस अधिक एक. पाच.
ती टाचणी टोचावी तसा ठिपका देते (१०, ५) वर
आणि न सांगता दोन्हीकडचे चौकोन मोजून बघते,
इकडं आठ, तिकडं दोन.
मागचा बाक गप्प.

रविवारी काकाकडं गेले होते.
चप्पल लाइनीतल्या दुकानात तो गल्ल्यामागं बसतो आता,
ब्याऐंशी वर्षांचा, फवारा खिशात.
गिऱ्हाइकाला सांगत होता,
“मी नि माझा थोरला, एका बांबूवर धंदा उभा केला.
निम्मं त्यानं उचललं, निम्मं मी.
दम्याचा माणूस, पर कधी मागं बघितलं न्हाई.”

खरं आहे. बघितलं नाही.

मी चहा घेतला.
एका बाईंना सात नंबर दाखवला,
वादी जरा घट्ट होती, म्हटलं, सैल होईल वापरून.